विश्लेषण : 'सत्तावन्न' की 'पन्नास सात'? भाषा मुलांच्या गणिताला वळण देते का?

पहिली-दुसरीच्या वर्गात 'सत्तावन्न लिहा' असे सांगितले, की काही पाट्यांवर ५७ ऐवजी ७५ उमटते. ही चूक बहुतेक वेळा घाई किंवा दुर्लक्ष यांच्या खात्यावर जमा होते. मुलाने मात्र जे ऐकले तेच आणि त्याच क्रमाने लिहिलेले असते : आधी सात, मग पन्नास. २०१९ मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद पेटला. तो बराचसा भाषिक अस्मितेभोवती फिरला आणि काही आठवड्यांत शमला. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र भाषाविज्ञान आणि मानसशास्त्रात जवळपास शंभर वर्षे चर्चेत आहे. आपण जी भाषा बोलतो, ती आपल्या विचारांना आकार देते का? रंग, दिशा, काळ अशा अनेक अंगांनी त्याचा शोध घेतला गेला. संख्यांच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरे बऱ्यापैकी मोजून काढता येतात.

२०१९ चा वाद नेमका काय होता?

दुसरीच्या नव्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्या दशक आधी आणि एकक नंतर अशा वाचायला दिल्या होत्या. म्हणजे २१ ला 'वीस एक', ५७ ला 'पन्नास सात'. त्यांच्या सोबत एकवीस, सत्तावन्न ही रूढ नावेही होती. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, तिथूनच गणिताची भीती सुरू होते, हा या बदलामागचा मुख्य युक्तिवाद होता. इंग्रजीत आणि दक्षिणेकडील भाषांत दशक आधी येते, याकडेही लक्ष वेधले गेले.

विरोधकांचे म्हणणे वेगळे होते. शतकानुशतके चालत आलेली संख्यानामे मोडू नयेत, बाजारात आणि घरात मुलाला 'पन्नास सात' कुणी म्हणणार नाही, आणि कित्येक पिढ्या याच नावांनी गणित शिकल्या, मग आताच काय अडले, असे प्रश्न विचारले गेले. समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला, विधिमंडळातही पडसाद उमटले. या गदारोळात एक मुद्दा मागे पडला. संख्यानामांची रचना मुलांच्या आकलनावर परिणाम करते का, हा मताचा विषय नसून तपासण्याचा विषय आहे, आणि तो अनेक देशांत तपासला गेला आहे.

मराठी संख्यानामे अवघड का?

एक ते शंभर मोजण्यासाठी किती शब्द पाठ करावे लागतात, ही सोपी कसोटी लावून पाहता येते. चिनी भाषेत एक ते दहा हे दहा शब्द आणि शंभरासाठी एक, असे अकरा शब्द पुरतात. ११ म्हणजे 'दहा एक', २१ म्हणजे 'दोन दहा एक'. इंग्रजीत एक ते एकोणीस, वीस ते नव्वदपर्यंतची आठ दशके आणि शंभर, असे अठ्ठावीस शब्द लागतात. बाकीचे सगळे जोडून तयार होतात. मराठीत हा आकडा जवळपास शंभर आहे. प्रत्येक संख्येला तिचे स्वतःचे नाव आहे आणि ते स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागते.

या नावांत नियम नाही असे नाही. पण तो झिजलेला आहे. 'दोन' या शब्दाचेच पाहा. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांपैकी एकाही शब्दात 'दोन' ऐकू येत नाही. ऐकू येतो तो 'बा', 'ब', 'बे' किंवा 'ब्या'. सातचेही तसेच : सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर. दशकेही रूप बदलतात. पन्नासचे कधी 'वन्न' होते तर कधी 'पन्न' (बावन्न, पण त्रेपन्न), साठचे 'सष्ट' होते, सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव'. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण हे शब्द त्यांच्या जिभेवर बसलेले असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र बासष्ट आणि दोन यांचा संबंध आपोआप दिसत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. लिहिताना आपण दशक आधी लिहितो, बोलताना एकक आधी उच्चारतो. ५७ ऐकून लिहिणाऱ्या मुलाला 'सत्ता' ऐकल्यावर सात मनात धरून ठेवायचा, 'वन्न' ऐकून पाच लिहायचा आणि मग धरलेला सात त्यापुढे ठेवायचा, एवढी कसरत करावी लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. संगणकातही मोठी संख्या साठवताना तिचा लहान भाग आधी ठेवायचा की मोठा, याच्या दोन पद्धती आहेत. त्यांना 'लिटल एंडियन' आणि 'बिग एंडियन' म्हणतात. एका पद्धतीचे यंत्र दुसऱ्या पद्धतीत माहिती पाठवते, तेव्हा क्रम उलटवण्याची जादा पायरी घालावी लागते. मराठी कानाने 'लिटल एंडियन' आहे आणि पाटीवर 'बिग एंडियन'. मधली पायरी मूल पार पाडते.

तिसरी अडचण 'एकोण'ची. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वदपर्यंतच्या आठ संख्या बेरजेने नव्हे, तर वजाबाकीने बनलेल्या आहेत. 'एकोण' म्हणजे एक उणे. त्यामुळे 'एकोणसाठ' ऐकताना कानावर साठ पडते, पण लिहायचे असते पाचाने सुरू होणारे ५९. याच नियमाने ९९ ला 'एकोणशंभर' म्हणायला हवे होते. ते आपण म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो. नियम शिकलेल्या मुलाला शेवटच्या पायरीवर अपवाद भेटतो.

ही नावे अशी का घडली?

याचे उत्तर इतिहासात आहे. संस्कृतातील 'द्वाविंशति' प्राकृतात झिजून 'बावीस' झाले, 'षट्पञ्चाशत्'चे 'छप्पन्न' झाले. मूळ संस्कृतात हे सामासिक शब्द बऱ्यापैकी पारदर्शक होते. त्यात कोणता भाग एककाचा आणि कोणता दशकाचा, हे ओळखता येत असे. पण रोजच्या बोलण्यातले शब्द सर्वात लवकर झिजतात आणि संख्या रोज बोलल्या जातात. हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी या भाषांतही हीच प्रक्रिया घडली. त्यामुळे उत्तर भारतातील बहुतेक मुलांपुढे मराठी मुलांसारखेच आव्हान असते. हिंदीत तर एक गुंतागुंत अधिक आहे. तिथे ७९ पर्यंत वजाबाकीचा नियम चालतो (उन्यासी), पण ८९ ला तो सुटतो आणि 'नवासी' येते. मराठीने किमान एकोणनव्वदपर्यंत तो पाळला आहे.

एकक आधी बोलण्याची सवयही जुनीच. 'अंकानां वामतो गतिः', म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात, असे संस्कृत वचन प्रसिद्ध आहे. शब्दांनी संख्या सांगण्याच्या जुन्या पद्धतीत एककापासून सुरुवात करून पुढे दशक, शतक असे जात. शिलालेखांतील शकवर्षे वाचताना अभ्यासकांना हे ध्यानात ठेवावे लागते.

मात्र सगळ्या भारतीय भाषा अशा नाहीत. कन्नडमध्ये वीस म्हणजे 'इप्पत्तु', एक म्हणजे 'ओंदु' आणि एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु'. तमिळ, तेलुगू, मल्याळम यांतही दशक आधी येते. सोलापूर किंवा बेळगाव परिसरात दोन्ही भाषा बोलणारी घरे हा फरक रोज अनुभवतात. त्याहून रंजक उदाहरण सिंहलीचे. ती मराठीसारखीच इंडो-आर्य कुळातली भाषा. पण तिच्यात एकवीसला 'विसि एक' म्हणतात. म्हणजे 'वीस एक' ही रचना आपल्या भाषाकुळाला अगदीच परकी नाही. खुद्द महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही जुन्या पिढीत विसांनी मोजण्याची रीत होती. 'दोन विसा पाच' म्हणजे पंचेचाळीस, यात मोठा भाग आधीच येतो.

भाषा विचार घडवते, हा सिद्धान्त कुठून आला?

हा विचार एडवर्ड सपीर आणि बेंजामिन ली व्होर्फ या अमेरिकी अभ्यासकांच्या नावाने ओळखला जातो. व्होर्फ यांची पार्श्वभूमी वेगळी होती. ते रसायन अभियंता होते. १९१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पदवी घेऊन ते एका विमा कंपनीत आगप्रतिबंधाचे काम करू लागले. आगी का लागतात हे तपासताना त्यांना एक गोष्ट दिसली. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ लोक काळजी घेत, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त धूम्रपान करत. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात साठलेली वाफ अधिक स्फोटक असते. 'रिकामे' या शब्दाने धोका नाहीसा झाल्याचा भास निर्माण केला होता. शब्द वागणे ठरवतात, हे व्होर्फ यांना कारखान्यात उमगले.

पुढे मात्र ते फार दूर गेले. अमेरिकेतील मूलनिवासी होपी लोकांच्या भाषेत आपल्यासारखी काळाची कल्पना व्यक्त करणारे शब्द नाहीत, म्हणून त्यांचे काळाचे आकलनच निराळे आहे, असे त्यांनी मांडले. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतील कालवाचक शब्द आणि रचनांचा सहाशेहून अधिक पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो दावा मोडीत निघाला. भाषा म्हणजे विचारांचा तुरुंग, ही टोकाची भूमिका आज क्वचितच कुणी घेते.

सौम्य भूमिका मात्र टिकली आहे. भाषा एखादा विचार अशक्य करत नाही, पण काही गोष्टींकडे वारंवार लक्ष द्यायला भाग पाडते. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत फरक आहे. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे मराठी माणसाला प्रत्येक वेळी ठरवावेच लागते. हिंदीच्या 'हम'ला किंवा इंग्रजीच्या 'वुई'ला ती सक्ती नाही. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक कळत नाही असे नव्हे. त्याला तो दर वाक्यात करावा लागत नाही, इतकेच.

संख्येला शब्दच नसेल तर?

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात पिराहा नावाची लहानशी जमात राहते. त्यांच्या भाषेत नेमकी संख्या सांगणारे शब्द जवळपास नाहीत. जे आहेत ते 'थोडे', 'अधिक' अशा अर्थाचे. पीटर गॉर्डन यांनी २००४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. समोर ठेवलेल्या वस्तूंइतक्याच वस्तू मांडायच्या, असे हे प्रयोग होते. दोन-तीनपर्यंत उत्तरे बरोबर येत, पुढे ती अंदाजावर जात.

२००८ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी पुन्हा प्रयोग केले आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. दोन्ही रांगा डोळ्यांसमोर असतील तर पिराहा लोक मोठ्या संख्याही अचूक जुळवत. पण वस्तू झाकल्या आणि आठवणीने जुळवायला सांगितले, की चुका होत. याचा अर्थ असा लावला गेला, की समानतेची जाण त्यांना आहेच. संख्यावाचक शब्द ती जाण मनात धरून ठेवायला आणि दुसऱ्या जागी न्यायला मदत करतात. म्हणजे संख्यानामे हे एक तंत्रज्ञान आहे. आणि तंत्रज्ञान म्हटले की त्याची रचना सोयीची की गैरसोयीची, हा प्रश्न ओघाने येतोच.

शब्दांच्या क्रमाने खरोखर फरक पडतो?

मराठीप्रमाणेच जर्मन भाषेतही एकक आधी येते. २१ ला 'एक आणि वीस' म्हणतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला सांगितल्या. त्यांच्या एकूण चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट्या क्रमाशी संबंधित होत्या. पाटीवरच्या ७५ चे कोडे इथे सुटते.

याहून चोख पुरावा चेक भाषेतून मिळाला. चेकमध्ये दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. एकवीसला 'वीस एक'ही म्हणतात आणि 'एक-वीस'ही. त्यामुळे संशोधकांना देश, शाळा, शिक्षक आणि मुले तीच ठेवून फक्त शब्दांचा क्रम बदलता आला. त्याच मुलांनी उलट्या क्रमातील संख्या लिहिताना जास्त चुका केल्या. इथे घरची परिस्थिती किंवा शिकवण्याची पद्धत यांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

शब्दांच्या पारदर्शकतेचाही असाच परिणाम दिसतो. १९९५ मध्ये केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षे वयाच्या चिनी आणि अमेरिकी मुलांच्या मोजणीची तुलना केली. दहापर्यंत दोघांत विशेष अंतर नव्हते. अकरानंतर, म्हणजे नेमके इंग्रजी शब्द अनियमित होतात तिथे, अमेरिकी मुले मागे पडू लागली. वेल्समध्ये ॲन डाउकर आणि सहकाऱ्यांनी वेल्श व इंग्रजी माध्यमांतील मुलांची तुलना केली. वेल्शमधील आधुनिक संख्यानामे चिनीसारखी नियमित आहेत. एकूण अंकगणितात दोन्ही गटांत मोठा फरक आढळला नाही. दोन अंकी संख्या वाचणे आणि त्यांची तुलना करणे यात मात्र वेल्श माध्यमाची मुले सरस ठरली.

या अभ्यासांतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. संख्यानामांचा परिणाम सुरुवातीच्या वर्षांत, आकडे वाचण्या-लिहिण्यात आणि स्थानिक किंमत समजण्यात दिसतो. त्यावरून एखाद्या भाषेत गणित होत नाही असे ठरत नाही. गाउस आणि रीमान 'एक आणि वीस' म्हणतच मोजायला शिकले होते. पूर्व आशियातील मुलांच्या गणितातील यशामागेही शाळेचे तास, सराव, पालकांच्या अपेक्षा अशी अनेक कारणे आहेत. भाषा ही त्यांतली एक.

तरीही 'सुरुवातीच्या वर्षांत' हे शब्द हलके घेण्यासारखे नाहीत. घरी कुणी अभ्यास घेणारे असेल तर ५७-७५ चा गोंधळ काही महिन्यांत निस्तरतो. नसेल तर ते मूल हातच्याच्या बेरजेपर्यंत तोच गोंधळ घेऊन जाते. तिथे चुकीचे उत्तर आले, की मुलाला स्थानिक किंमत कळली नाही की ऐकलेला शब्द उलटवता आला नाही, हे वहीवरून ओळखणे कठीण होते. 'मला गणित जमत नाही' हा समज मात्र दोन्ही वेळा सारखाच रुजतो.

संख्यानामे बदलता येतात का?

नॉर्वेने ते करून पाहिले. तिथेही पूर्वी 'एक-आणि-वीस' म्हणत. दूरध्वनी क्रमांक सांगताना आणि ऐकताना चुका होत, म्हणून दूरध्वनी खात्याकडून बदलाची मागणी झाली. संसदेच्या निर्णयानंतर १ जुलै १९५१ पासून शाळा आणि सरकारी कामकाजात 'वीस-एक' ही पद्धत अधिकृत झाली. त्याला सात दशके उलटली. नवी पद्धत रुळली, पण जुनी गेली नाही. घरगुती बोलण्यात ती आजही ऐकू येते आणि अनेक लोक दोन्ही सहज वापरतात. सरकारी आदेशाने भाषा एका रात्रीत बदलत नाही आणि बदलाने ती मोडूनही पडत नाही, असे दोन्ही धडे यात आहेत.

जर्मनीत अशाच बदलासाठी बोखुम येथील गणितज्ञ लोथार गेरिट्झन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये एक संस्था स्थापन झाली. जुनी पद्धत काढून न टाकता नवी शेजारी शिकवावी, अशी तिची भूमिका आहे. तिला अद्याप नॉर्वेसारखे यश मिळालेले नाही.

मराठी मोजणीत फक्त उणिवाच आहेत का?

अजिबात नाही. अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी अनेक भाषांच्या पुढे आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द शाळेत जाण्याआधीच मुलाच्या कानावर पडतात. पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वाशे म्हणजे १२५, अडीच हजार म्हणजे २५००. इंग्रजीत जिथे 'वन पॉइंट सेव्हन फाइव्ह'चा आधार घ्यावा लागतो, तिथे मराठीत एक शब्द पुरतो. शिवाय 'पावणेदोन' या शब्दातच दोनाला पाव कमी, ही आकडेमोड दडलेली आहे.

या शब्दांची घडणही विचारपूर्वक झालेली आहे. पाऊण आला 'पादोन'वरून, म्हणजे पाव उणे. सव्वा 'सपाद'वरून, म्हणजे पावासह. अडीच आला 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा : दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा निम्मा. साडेतीनसाठी जुना शब्द आहे 'औट', तो 'अर्धचतुर्थ'वरून, चौथा अर्धा. 'औट घटकेचे राज्य' म्हणजे साडेतीन घटकांचे, म्हणजेच जेमतेम ८४ मिनिटांचे राज्य. योगायोगाने डॅनिश भाषेत पन्नासला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'तिसरा अर्धा गुणिले वीस' असा होतो, म्हणजे अडीच विसा. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषांनी अडीचची कल्पना एकाच रीतीने बांधली आहे.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या काळात त्यांची रोज गरज पडे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनमापेही दशमान झाली आणि या पाढ्यांचे प्रयोजन संपले. म्हणजे मोजणीची भाषा याआधीही बदलली आहे. अभ्यासक्रमातून औटकी गेली. अडीच राहिला, कारण तो बोलण्यात जिवंत होता.

इंग्रजी आकड्यांनी प्रश्न सुटतो का?

राज्यात अनेक ठिकाणी सेमी-इंग्रजी वर्ग चालतात. तिथे बाकीचे विषय मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. दुकानदाराने 'एकोणसत्तर रुपये' म्हटले, की 'म्हणजे सिक्स्टी नाइन?' असे विचारणारी मुले शहरांत आता सर्रास दिसतात. वरवर पाहता यातून क्रमाचा प्रश्न सुटतो. पण दुसरा उभा राहतो.

स्टॅनिस्लास देहान, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना काही बेरजा एका भाषेत पक्क्या करायला दिल्या. नंतर त्याच बेरजा दुसऱ्या भाषेत विचारल्या, तेव्हा उत्तराला जास्त वेळ लागला. अंदाजे उत्तर विचारले तर भाषा बदलल्याने फरक पडला नाही. म्हणजे अंदाज भाषेवाचूनही करता येतो, पण नेमकी आकडेमोड ज्या भाषेत पाठ केली त्या भाषेला चिकटून राहते. लहानपणी 'बे दुणे चार' म्हटलेली माणसे आयुष्यभर इंग्रजीत काम करूनही मनातल्या मनात पाढे मराठीत का म्हणतात, याचे उत्तर इथे मिळते.

म्हणून घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि बाजारात दोन्ही, अशा स्थितीत मुलाचा एका भाषेतला पाया पक्का असणे महत्त्वाचे ठरते. तसा पाया नसेल तर एकोणसत्तर कळत नाही आणि सिक्स्टी नाइन म्हणजे सहा दशक नऊ एकक, हेही उमगत नाही.

मग वर्गात काय करता येईल?

उपलब्ध संशोधनावरून काही गोष्टी सांगता येतात. 'पन्नास सात' हे 'सत्तावन्न'ला हटवण्यासाठी न वापरता त्याच्यापर्यंत पोहोचण्याची पायरी म्हणून वापरता येते. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवून 'पन्नास आणि सात, म्हणजे सत्तावन्न' असे म्हटले, तर स्थानिक किंमत आणि रूढ नाव दोन्ही एकाच वेळी पक्के होते. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे सांगितले तर आठ संख्या पाठ करण्याऐवजी समजून घेता येतात. बा, बे, ब्या ही दोनचीच रूपे आहेत, हे एकदा दाखवले तर बारा ते ब्याण्णवपर्यंतचे धागे जुळतात. आणि पाटीवर ५७ च्या जागी ७५ आले, तर मुलाने नीट ऐकले आहे, त्याला फक्त क्रम उलटवायला शिकवायचे आहे, हे शिक्षकाला ओळखता येते.

२०१९ च्या वादात 'जुने की नवे' असे दोनच पर्याय समोर ठेवले गेले. पुस्तकात मात्र दोन्ही नावे शेजारी-शेजारी होती. नॉर्वेत सत्तर वर्षांनंतरही ती तशीच शेजारी नांदत आहेत. मराठीतली सत्तावन्न, अडीच आणि औट ही नावे टिकवायची असतील, तर ती पहिल्यांदा ऐकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यांचा अर्थ उलगडून सांगावा लागेल. नुसत्या पाठांतराच्या जोरावर ती मागच्या पिढ्यांत टिकली, कारण घर, बाजार आणि शाळा तिन्ही ठिकाणी तेव्हा एकच भाषा होती. आता तशी स्थिती राहिलेली नाही.